दारांची होडी

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, कुणाला ठाऊक नाही.

वेरळी गावात रवळू मेस्त नावाचा सुतार होता. होड्या बांधायचा. फणसाच्या फळ्या काथ्यानं शिवायचा, सांधे राळ आणि उंडीच्या तेलानं बुजवायचा. त्याच्या होडीत पाणी दिसलंच तर ते वल्ह्यावरून ठिबकलेलं असायचं, असं म्हणतात. रोज अंघोळ करून तो सातेरीच्या देवळात जायचा, मगच करवत उचलायचा. आणि संध्याकाळी बायको भागी आणि लेक शेवंती यांच्यासोबत एकाच पंगतीला जेवायचा. तेव्हा पुरुष आधी जेवत, बायका उरलंसुरलं खात. गावचे जाणते त्याला हसायचे. तो हसू द्यायचा.

त्याची एक रीत होती. झाड पाडायच्या आदल्या दिवशी तो बुंध्याशी नारळ आणि चिमूटभर तांदूळ ठेवायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "हय कोण रवत असात तर त्येना आज उठाचा." दुसऱ्या दिवशी झाडावर चढून फांद्या आणि ढोल्या बघायचा. घरटं रिकामं असलं तर कुऱ्हाड घालायचा. भरलेलं असलं तर घरी परतायचा.

एका वर्षी माणसं खाडीपार नेणारी गावाची तरीची होडी अगदी कुजायला आली. शिमग्याला सातेरीची पालखी खाडीपलीकडे बहिणीच्या भेटीला जाते. ती न्यायची कशी? गावकर आणि मानकरी देवळात जमले. देवीला कळ्या लावून कौल घेतला. उजवी कळी पडली. सगळे तडक रवळूच्या अंगणात आले.

"मेस्ता, कौल झालो," गावकर म्हणाला. "देवी होय म्हणता. देवळामागचो फणस कधी पाडतस?"

रवळू त्या फणसावर चढून आला होता. ढोलीत धनेशाची मादी बसलेली होती. हा पक्षी मोठा विचित्र. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट राहते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. पिलं मोठी होईपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही.

"देवीक काय इचारलात?" रवळूनं विचारलं.

"होडी होयी काय, ता."

"मग होडी होयी. झाडाचा खय इचारलात?"

उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं आवाज चढवतात, तसा गावकरानं चढवला. "देवीची पालखी मोठी की पाखरू? पाखराक पालखीत बसवतलस काय रे?"

"तिका देवीनच आत बसवल्यान," रवळू म्हणाला. "ती भायर येयसर मी कुराड घालूचंय नाय."

एवढं सरळ, एवढं जाड झाड गावात दुसरं नव्हतं. नवी होडी राहून गेली. गाव रवळूशी बोलेनासं झालं.

शेवंती तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शिमगा तोंडावर आला आणि जुनी होडी धक्क्याला बांधल्या जागीच फुटून बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस भरायला अजून महिना बाकी असताना, पहाटे शेवंतीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. ते फिरवू शकणारी एकच सुईण होती, जैनाबी. आणि ती खाडीपलीकडे मोहल्ल्यात राहायची. रवळूनं बांधलेल्या बाकीच्या होड्या परगावी गेलेल्या, वेरळीत दुसरी होडी नव्हती.

भागी खोलीच्या उंबऱ्यात आली. तिच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं. "तेवा झाड पाडला असतात तर आज होडी असती," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि आत गेली.

रवळू अंगणात उभा राहिला. आतून शेवंतीचा आवाज येत होता. त्याची नजर घराच्या दारावर गेली. फणसाचं दार, त्यानं लग्नाच्या वर्षी स्वतः बनवलेलं, जाडजूड आणि वर्षानुवर्षं वाळलेलं. देवीनं होडी मागितली होती. लाकूड कुठलं, ते सांगितलं नव्हतं.

त्यानं दार चौकटीतून उचकटून काढलं. मग मागचं काढलं. दोन दारांत होडी होत नाही. तेवढ्यात शेजारची लक्षुमी स्वतःच्या घराचं दार डोक्यावर घेऊन आली. तिच्यामागून आणखी बायका आल्या. पारावर जाणते विचार करत बसले होते, सणासुदीला दार काढणं शुभ की अशुभ. त्यांचा विचार चालूच राहिला आणि त्यांच्या घरांची दारंही बायकांनी काढून नेली. गावकराचं तेवढं राहिलं. सगळ्यांत शेवटी त्याच्या म्हाताऱ्या आईनं ते काढायला लावलं.

एका सकाळीत होडी शिवून होत नाही. पण त्या दिवशी झाली. रवळू भोक पाडायचा आणि काथ्या आपोआप ओवला जायचा, असं म्हणतात. खरं तर ओवायला गावातल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. दुपारच्या भरतीला होडी पाण्यात गेली. ओहोटीचा जोर लागायच्या आत परत यायचं होतं.

पलीकडे जैनाबी धक्क्यावर आली. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, दाराची कडी तशीच राहिली होती. तिनं ती खडखड वाजवली. "मेस्ता, कोण असा काय घरात?"

"कोण नाय गे बाय. बस बेगीन."

येताना धनेशाचा नर होडीच्या पुढे पुढे उडत होता आणि खाडी अरुंद झाली होती, असं म्हणतात. दिवेलागणीच्या आधी शेवंतीच्या मुलीचं रडणं सगळ्या गावानं ऐकलं. आवाज अडवायला कुठे दारच नव्हतं. पालखीही त्याच होडीतून पलीकडे गेली. उन्हाळा सरताना फणसाची ढोली आतून फुटली, मादी आणि पिलं उडाली.

नंतर सगळ्यांनी नवी दारं बसवली. रवळूनं बसवलं नाही. मरेपर्यंत त्याच्या घराची चौकट उघडीच होती, आणि कुणी काही चोरलं नाही.

आता पूल आहे. तरीही खाडीत होडी चालते, आणि यंत्राच्या होडीलाही नाळेवर एक कडी ठोकलेली असते. चढणारा ती आधी वाजवतो. आणि वेरळीत कुणी बाई अडली की गावातली सगळी दारं उघडतात. भर पावसातसुद्धा, मूल रडेपर्यंत. पहिलं दार गावकराच्या घरचं उघडावं लागतं. त्या दिवशी ते शेवटी निघालं होतं.