पुढचा पंखा आणि मागचा पंखा

संगणकाच्या पेटीतल्या वस्तू आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका छापखान्यातल्या संगणकात दोन छोटे पंखे होते. पुढचा बाहेरची गार हवा आत घेई आणि मागचा आतली गरम हवा बाहेर टाकी.

एकदा पुढच्याच्या पात्यांत कागदाची धूळ दाटली आणि तो फिरायचा थांबला. लाजेपोटी त्याने कुणाला सांगितलं नाही. पेटीतला उकाडा वाढला, तसा मागचा एकटाच दोघांचं काम ओढू लागला. दिवसभर त्याची घरघर चाले.

"किती रे कटकट तुझी!" पेटीतले सगळे त्याच्यावर वैतागत. "पुढच्याकडे बघ, कसा गुपचूप असतो!"

ते ऐकून पुढचा मनातून शरमून जाई.

अखेर छापखान्याच्या मालकांनी दुरुस्तीवाल्या रेहानाताईंना बोलावलं. "मागचा पंखा फार आवाज करतो. फेकून द्या तो."

ताईंनी पेटी उघडून पेचकस उचलला, तसं पुढच्याला राहवेना. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला. एक पातं कसंबसं हललं आणि 'कर्रर्र' असा आवाज झाला.

ताई थबकल्या. "अहो, हा पुढचा तर बंदच पडलाय! म्हणून तो बिचारा इतका राबतोय."

त्यांनी ब्रशने धूळ झाडली, तेलाचा थेंब सोडला. दोन्ही पंखे संथपणे फिरू लागले.

"माझ्यामुळे तू बोलणी खाल्लीस," पुढचा म्हणाला. "मी आधीच सांगायला हवं होतं."

"मी तरी कुठे विचारलं?" मागचा म्हणाला. "कामाच्या धबडग्यात तुझ्याकडे बघायचंच राहून गेलं रे."