खारबाईंची शेंग

सागाच्या एका दाट रानात एक खार राहत असे. ती चपळ होती, बोलकी होती आणि तिला दुसऱ्यांच्या पिल्लांचा फार लळा होता. म्हणून रानातल्या आयांनी मिळून तिला बालवाडीची बाई केले. सकाळी चाऱ्याच्या शोधात निघताना आया आपली पिल्ले मोहाच्या झाडाखाली सोडत आणि दुपारी घेऊन जात. सशाचे, अस्वलाचे, साळिंदराचे, कासवाचे आणि हरिणाचे एकेक, शिवाय मुंगसाची दोन, अशी सात पिल्ले तिच्याकडे येत. सगळी तिला खारबाई म्हणत.

खारीला गोष्टी छान सांगता येत. गाणीही पुष्कळ येत. पण तिला घाई फार. जे सुचेल ते ती त्याच क्षणी करायला घेई. एखाद्या दिवशी आल्याआल्या गोष्ट, तर एखाद्या दिवशी आल्याआल्या ओढ्यावर पाणी प्यायला. आणि प्रत्येक कामाला तिचा शब्द एकच, "चला, चला." खेळ आवरायला चला, पाण्याला चला, गोष्टीला चला, घरी चला. तिच्या मनातले 'चला' कोणते, हे तिला माहीत असे. पिल्लांना मात्र ते ओळखावे लागे. मग मुंगसे एकीकडे धावत, हरिणाचे पाडस दुसरीकडे, आणि साळिंदराचे पिल्लू गोंधळून काटे उभे करून रडत बसे. खार आवाज चढवी. पिल्लेही आवाज चढवत.

एके दिवशी खार गोष्टीसाठी म्हणाली, "चला, चला." सशाच्या पिल्लाला वाटले, घरी जायची वेळ झाली. ते उठले आणि एकटेच चालू लागले. खारीच्या हे ध्यानात आले तेव्हा गोष्ट संपून गेली होती. मग सगळे रान पिल्लाला शोधू लागले. उन्हे कलल्यावर ते एका खडकाच्या कपारीत सापडले. ते थरथरत होते, आणि कपारीसमोरच्या मातीत कोल्ह्याच्या पावलांचे ताजे ठसे होते.

सशिणीने पिल्लाला चाटले, पोटाशी धरले आणि खारीकडे न पाहता ती निघून गेली. हे खारीला फार लागले.

रानात एक म्हातारे अस्वल होते. सगळे त्याचा शब्द मानत. ते खारीला म्हणाले, "खारबाई, तुमची माया आम्हांला दिसते. पण नुसत्या मायेने पिल्लू सांभाळले जात नाही. आठ दिवसांनी मी येऊन बघेन. असेच चालू असले, तर बालवाडी बंद. ज्याचे पिल्लू त्याने घरी ठेवावे."

"पण आया बाहेर गेल्यावर घरी त्यांना कोण बघणार?" खारीने विचारले.

"कोणी नाही. म्हणून तर आठ दिवस दिले," अस्वल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पिल्ले यायच्या आधी, खार तळ्याकाठच्या माळावर जाऊन बसली. तिला काही सुचत नव्हते. तिथे एक टिटवी आपल्या चार पिल्लांना घेऊन फिरत होती. पिल्ले इवलीशी होती. एक इकडे, एक तिकडे, किडे टिपत पळत होती. एवढ्यात वर ससाण्याची सावली आली. टिटवीने एक हाक दिली, एकदाच. चारही पिल्ले जिथे होती तिथे जमिनीला चिकटली आणि दगडांत दगड होऊन गेली. ससाणा घिरट्या घालून निघून गेला. मग टिटवीने वेगळी, हळू हाक दिली आणि पिल्ले उठून पुन्हा किडे टिपू लागली.

खार पाहतच राहिली. ती जवळ जाऊन म्हणाली, "टिटवीताई, मी दिवसभर ओरडते तरी माझे कोणी ऐकत नाही. तुझे एका हाकेत कसे ऐकतात?"

टिटवी म्हणाली, "ती हाक मी दुसऱ्या कोणत्याच कामाला वापरत नाही. तिचा अर्थ एकच. काल होता तोच आज, आज आहे तोच उद्या. तू काय म्हणून हाक मारतेस?"

"चला, चला म्हणते."

"कुठे चला?"

"कधी पाण्याला, कधी गोष्टीला, कधी घरी."

"आणि तुझ्याकडे दिवस कसा जातो? आधी काय, मग काय?" टिटवीने विचारले.

"ते मला जसे सुचेल तसे."

"अगं, सुचते तुला. त्यांना ते कसे कळणार? पुढे काय येणार हे ठाऊक नसले की लहान जीव घाबरतो. घाबरला की रडतो, नाहीतर पळतो."

खार मोहाखाली परतली आणि तिने दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवसापासून तिने तीन गोष्टी केल्या. शिरीषाची एक वाळलेली लांब शेंग आणली. ती हलवली की आतल्या बिया खळखळ वाजत. "ही वाजली की हातातले काम थांबवायचे आणि माझ्याकडे बघायचे. बस, एवढेच," तिने पिल्लांना सांगितले. मग एका सपाट दगडावर गेरूने ओळीने पाच चित्रे काढली : खेळाचा चेंडू, पाण्याचा थेंब, गोष्टीचा कान, झोपेचा मिटलेला डोळा आणि घराचे घरटे. त्यावर एक पांढरा खडा ठेवला. एक काम संपले की खडा पुढच्या चित्रावर सरके. तिसरी गोष्ट बियांची. प्रत्येक पिल्लाला तिने वेगळी बी दिली. कोणाला चिंचोका, कोणाला सागरगोटा, कोणाला रिठा. आल्यावर आपली बी मोहाच्या ढोलीत ठेवायची आणि घरी जाताना उचलून न्यायची. ढोलीत जेवढ्या बिया, तेवढी पिल्ले तिच्या ताब्यात.

मुलांनो, हे लगेच जमले असे समजू नका. पहिल्या दिवशी शेंग वाजली तेव्हा मुंगसे शेंगेवरच झेप घेऊन आली. अस्वलाच्या पिल्लाला आंब्याची कोय मिळाली होती. ते ती दिवसभर चोखत बसले, ढोलीत ठेवायला तयारच होईना. तिसऱ्या दिवशी मोहावर एक कावळा येऊन कलकलाट करू लागला, तेव्हा खारीने त्याला हाकलायला शेंग खळखळवली. सातही पिल्ले थांबली आणि तिच्याकडे पाहू लागली. तिच्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. पिल्ले पुन्हा खेळायला लागली, आणि नंतर तिने खरोखर शेंग वाजवली तेव्हा चौघांनीच मान वळवली.

खारीला आपली चूक कळली. ती पिल्लांसमोर बसली आणि म्हणाली, "मघाशी मी शेंग उगीच वाजवली. ती माझी चूक. पुन्हा असे करणार नाही." आणि तिने तसे केले नाही. घाई झाली तरी नाही, रागावली तरी नाही.

हळूहळू बाकीचेही सुरळीत होऊ लागले. साळिंदराच्या पिल्लाचे काटे उभे राहू लागले, की ते शेवाळाच्या मऊ कोपऱ्यात जाऊन बसे आणि काटे खाली आले की आपणहून परत येई. कोणी त्याला 'रडका' म्हणत नसे. कासवाचे पिल्लू नेहमी सर्वांच्या मागे राही, म्हणून खारीने त्याला तेच काम दिले. ओढ्यावर जाताना ते रांगेच्या शेवटी चाले आणि पोचल्यावर सांगे, "मागे कोणी राहिले नाही." ते सांगताना त्याची मान कवचाबाहेर पुरती ताठ होई.

आठव्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि एक वाळकी फांदी मोडून खारीच्या राहत्या सागाच्या ढोलीच्या तोंडाशी अडकली. खार आत कोंडली गेली. ती दातांनी फांदी कुरतडू लागली, पण फांदी जाड होती. ऊन वर आले. 'आजच अस्वल येणार, आणि पिल्ले एकटी,' एवढेच तिच्या मनात होते.

इकडे अस्वल मोहाखाली आले. त्याच्याबरोबर सशीणही होती. बाईंचा पत्ता नव्हता. "आज पारखच नको. पिल्लांना घरी न्या," अस्वल म्हणाले. पण खारबाई येतीलच असे समजून आया पिल्ले सोडून गेल्या होत्या आणि एकेका पिल्लाने आपली बी ढोलीत टाकली होती. सशाच्या पिल्लाने खडा चेंडूवर ठेवला होता आणि सगळी खेळायला बसली होती. साळिंदराचे पिल्लू "बाई कुठे आहेत?" म्हणून रडवेले झाले, शेवाळात जाऊन बसले आणि थोड्या वेळाने परत आले.

अस्वलाला शेंग दिसली. 'हे काय असावे,' म्हणून त्याने ती उचलून हलवली.

खेळ थांबला. सातही पिल्लांचे डोळे अस्वलाकडे वळले. अस्वल गडबडले. आयुष्यात इतक्या लवकर आणि इतके गप्प राहून त्याचे कोणी ऐकले नव्हते.

कासवाचे पिल्लू म्हणाले, "आजोबा, शेंग वाजवली की काहीतरी सांगायचे असते."

"असे का," अस्वल म्हणाले. त्याने इकडेतिकडे पाहिले. "मग... आता काय करायचे असते?"

सशाचे पिल्लू दगडापाशी गेले. त्याने खडा थेंबावर सरकवला. "खेळ झाला. आता पाणी. मग गोष्ट. घरी जायला अजून वेळ आहे," ते म्हणाले.

सशीण त्याच्याकडे बघत राहिली. अस्वल पुढे झाले, पिल्ले रांगेत निघाली आणि सर्वांच्या मागून कासव चालू लागले.

थोड्या वेळाने खार फांदीतून वाट काढून धावत आली. तिच्या तोंडाला खरचटले होते. मोहाखाली कोणी नव्हते. अस्वल येऊन गेले, पिल्ले घरी गेली, सगळे संपले असे तिला वाटले. ती रानात पळत सुटणार होती, एवढ्यात तिची नजर दगडावर गेली. खडा थेंबावर होता. ती ढोलीशी गेली. आत बिया होत्या. तिने मोजल्या. चिंचोका, रिठा, सागरगोटा, चोखून पांढरी झालेली कोय... पुऱ्या सात.

खार तिथेच खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठे धावायचे नव्हते.

पिल्ले ओढ्यावरून आली. अस्वलाच्या पायांना चिखल लागला होता. कासवाच्या पिल्लाने सांगितले, "मागे कोणी राहिले नाही."

खार उठून म्हणाली, "अस्वलदादा, मला उशीर झाला. माझ्या घराच्या तोंडाशी फांदी पडली होती."

"ते तुमच्या तोंडावरून दिसते," अस्वल म्हणाले. "उशीर झाला खरा, पण तुमचा दिवस वेळेवर चालू होता. बालवाडी चालू ठेवा." मग ते जरा घुटमळले. "मी ती शेंग वाजवली. मला ठाऊक नव्हते. पुन्हा कारणाशिवाय हात लावणार नाही."

सशीण पुढे आली. पिल्लू हरवले त्या दिवसापासून ती खारीशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "बाई, उद्यापासून मी ह्याला थोडे लवकर आणून सोडले तर चालेल का? मला दूरच्या कुरणात जायचे असते."

"चालेल," खार म्हणाली.

सशाचे पिल्लू दगडापाशी उभे होते. त्याने खडा कानावर ठेवला आणि सगळी पिल्ले गोष्टीला बसली.

तात्पर्य : लहानांना धाक लागत नाही, नेम लागतो, आणि तो नेम आधी मोठ्यांनी पाळावा लागतो.