सारजाचे तीन चाकू

एक होती सारजा. माळावर मेंढरं राखायची. घरात एकटीच, म्हणून चंद्री नावाच्या मेंढीवर तिचा फार जीव. चंद्रीची आई मेली तेव्हा सारजानंच तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं.

एकदा काय झालं, सारजाचा चाकू हरवला. आणि चाकूवाचून धनगरणीचं पान हलत नाही, बरं का! पाला तोडा, दोर कापा, भाकरीबरोबर कांदा चिरा. मग ती गेली डोंगराच्या पोटात राहणाऱ्या लोहाराकडे. तो घण घाली आणि ठिणग्या उडून आभाळात चांदण्या होत. तो म्हणाला, "हे घे तीन चाकू. रोज एक वापरून बघ. चौथ्या दिवशी एकच ठेव. मग बदलून मिळायचा नाही हं!"

पहिल्या दिवशी तिनं सगळ्यात धारदार चाकू घेतला. काय ती धार! कांदा कापला, खालची फळी कापली, कमरेची पिशवी कापून तो पडला थेट चंद्रीच्या सावलीवर. सावली तुटली की! बिचारी चंद्री एका जागी थरथरत उभी. सारजानं लोकरीच्या धाग्यानं सावली शिवून दिली, तेव्हा कुठे ती चरायला लागली.

दुसऱ्या दिवशी घेतला एकवीस पात्यांचा. वजन वरवंट्याएवढं! आणि पाती बोलायची. "मी कापणार!" "सर बाजूला, मी!" त्यांचं भांडण मिटेस्तोवर कांदा वाळून गेला.

मग उरला साधा चाकू. शिंगाची मूठ, तिच्यात मिटणारं एकच पातं. सारजाला वाटलं, हा काय कामाचा?

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्री पाय घसरून डोहात पडली. गळ्यातला दोर पाण्याखाली मुळांत अडकला. सारजानं उडी घेतली. एका हातानं चंद्रीचं तोंड वर धरलं. तो हात सोडला तर चंद्री गेलीच! मग चाकू उघडायचा कसा? तिनं दुसऱ्या हातानं तो कमरेचा काढला, पात्याला अंगठा लावला आणि खट्! एका हातात उघडला. पाण्यात काही दिसेना. पण चाकू कसा शहाणा! दोर लागला की कापी, चंद्रीचा गळा लागला की बोथट होई. शेवटी टोक मोडलं, पण दोर तुटला. दोघी काठावर आल्या. सारजा तिला पोटाशी धरून खूप रडली.

चौथ्या दिवशी लोहार दारात. सारजा भीत भीत म्हणाली, "मामा, याचं टोक मोडलं हो."

"मग दुसरा घे. ते दोन्ही कोरे करकरीत आहेत."

सारजानं मूठ घट्ट आवळली. "नाही, हाच. यानं माझं लेकरू पाण्यातून काढलंय."

लोहार डोळे पुसायला लागला. धूर गेला म्हणे डोळ्यांत. आता माळावर कुठला आलाय धूर? सारजानं त्याला दूध दिलं, भाकरी दिली, आणि दोन चाकू घेऊन तो गेला.

मग सारजा आणि चंद्री पुष्कळ वर्षं सुखात राहिल्या. चला, गोधडी ओढा अंगावर. झोपा आता, माझी बाळं ती.