सशाचा नकार

एका राज्यात, जिथे मांत्रिकाला मुजरा आधी आणि देवाला नमस्कार मागाहून घडे, भद्रसेन नावाचा राजा होता. त्याची एकुलती कन्या हंसावळी. धूम्रकेश मांत्रिकाने तिला मागणी घातली, ती "नाही" म्हणाली, आणि त्याच क्षणी तिचा पांढरा ससा झाला.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तीन दिवस भरदरबारी तिला विचारीन. एकदा जरी तिचा नकार तू स्वतःच्या कानांनी ऐकलास, तर शाप सुटेल. नाही तर ती माझी."

राजाने मान डोलावली. सख्ख्या बापाने. हंसावळीला अंगाखांद्यावर वाढवणारी दाई म्हाळसा तिथेच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रानातली, सशांच्या बिळांशेजारी वाढलेली. ससा मुका नसतो, हे तिला पक्के ठाऊक होते.

पहिल्या दिवशी मांत्रिक अजून वेशीबाहेर होता, तोच सशाचा एक कान तिकडे वळला. दुसरा कान बापाकडेच होता.

"माझी राणी होशील?" मांत्रिकाने विचारले.

सशाने दोन्ही कान पाठीला चिकटवले आणि तो घशातल्या घशात गुरगुरला. दरबारचा साक्षीदार म्हणजे सोन्याच्या दांडीवरचा राघू. बोलता येते, एवढीच त्याची लायकी. तो म्हणाला, "लाजली."

"गुरगुरली, मेल्या," म्हाळसा म्हणाली. "महाराज, आपण ऐकलंत ना?"

"आम्हांस काही ऐकू आले नाही," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ससा करकरा दात खाऊ लागला. सुखात असला की ससा दात हळूच घासतो, मांडीवर घेतले तरच कळावे इतके हळू. हे करकरणे दुखण्याचे होते आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"विडा चघळतेय," राघू म्हणाला. दरबार हसला. राजाही हसला, आणि म्हाळसेला त्याची किळस आली.

तिसऱ्या दिवशी मांत्रिक निर्लज्जपणे हळद लावूनच आला. त्याने विचारताच सशाने मागचा पाय उचलून खाली हाणला. पुन्हा हाणला. जाडजूड गालिच्याने तो आवाज गिळून टाकला.

म्हाळसेने गालिच्याचे टोक धरले आणि असा हिसडा दिला की प्रधानजी आणि दोन सरदार आडवे झाले.

"आता फरशीला कान लावा," ती राजाला म्हणाली. "आधी तो मुकुट काढा. कानांवर आलाय."

"कुणाशी बोलतेस, दाई?"

"बहिऱ्याशी."

राजाने मुकुट काढला आणि तो वाकला. उघड्या दगडावर सशाचा पाय आपटला. तो दणका फरशीतून राजाच्या कानात आणि कानातून थेट दाढांत गेला.

"नकार," राजा म्हणाला. "मी ऐकला."

शाप सुटला. धूम्रकेशाची आधी दाढी गळाली, मग तो स्वतःच गळून राख झाला. झाडूवाल्यांनी त्याला सुपात भरून नेले. सशाच्या जागी हंसावळी उभी राहिली. राजाने दोन्ही हात पसरले. ती त्याला वळसा घालून म्हाळसेपाशी गेली.

"तीन दिवस सांगत होते, महाराज," ती म्हणाली.

त्या दिवसापर्यंत ती त्याला आबा म्हणत असे.

राज्य पुन्हा सुरळीत चालू लागले. राजा आता बोडक्या डोक्याने, उघड्या फरशीवर बसून न्याय करतो. त्याचे कान इतके तयार झाले आहेत की लेकीची पावले त्याला तीन दालनांपलीकडून ऐकू येतात. ती येते, "महाराज" म्हणते आणि निघून जाते.