आहे तेवढं सांगण्याचा वसा

ऐका अन्नपूर्णामाई, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, त्याच्या वेशीला कोष्टीवाडा. तिथं सटवा कोष्टी राही. त्याची आई आंधळी, बायको भिवरा, आणि सहा वर्षांची लेक तानी. त्या वर्षी पाऊस रुसला, पिकं करपली. लोकांना लुगडी सुचेनात, माग थंडावला.

सासू रोज सकाळी चुलीपाशी येऊन बसे. सुनेला विचारी, "सूनबाई, आज काय आहे? किती आहे? कुणाकुणाला पुरेल?" भिवरा मडक्यात हात घाली. बोटांना तळ लागे. मग म्हणे, "आत्याबाई, जोंधळे आहेत, पुष्कळ आहेत, सगळ्यांना पुरतील." भाकरी तीन करी, तिघांना वाढी. नवरा विचारी, "तू गं?" "मी मागाहून जेवते." मागाहून पाणी पिई आणि निजे. सासरी धाडताना आईनं सांगितलं होतं, बाईच्या हातून घराला कमी पडलं असं कुणी म्हणता कामा नये. तेवढं तिनं पदरी बांधलं होतं.

ज्येष्ठात लांबच्या गावाहून सटव्याला बोलावणं आलं. देवळाचे पडदे विणायचे, चार महिने राहायचं, मजुरीत धान्य न्यायचं. सटव्यानं विचारलं, "घरात किती दिवसांचं आहे?" भिवरा म्हणाली, "दिवाळीपर्यंत आहे." "मग कशाला जाऊ? आई आंधळी, पोर लहान." तो गेला नाही.

आषाढ सरला, मडकं सरलं. श्रावण लागला. उपासाचे दिवस आहेत असं सांगून भिवरा घरच्यांना रानातला पाला उकडून घाली. तशात तानीला ताप भरला. वैदू आला, नाडी पाहिली. म्हणाला, "औषध नको. दिवसातून तीनदा पेज द्या, पोर उठेल." घरात कणी नव्हती, आणि सटव्याला वाटे, पेज चालू आहे. शेजारीण काशी दारात आली. "भिवरे, काही हवं का?" "छे, काही नको. सगळं आहे." नवऱ्याला आज सांगीन, उद्या सांगीन, असं भिवरा म्हणे. पण दिवाळीपर्यंत आहे म्हटलेलं जिभेला आड येई.

पहिल्या दिवशी पोर म्हणाली, "आई, भूक लागली." "उद्या पेज करीन हो, तूप घालीन." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, भूक लागली." "उद्या शिरा करीन." तिसऱ्या दिवशी नुसते ओठ हलले. "उद्या पुरणाची पोळी करीन." तानीनं डोळे उघडले. "आई, उद्याचं नको सांगू. आज काय आहे?" भिवरानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आज काही नाही गं बाई. पाणी आहे, मीठ आहे." "मग तेच दे." घोटभर प्याली. तिन्हीसांजेला गेली.

पोरीला माती दिली. भिवरा विहिरीवर गेली. घरी परतायचं नाही, असं मनाशी धरलं. काठावर एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "बाई, तुझ्या घरी काय आहे?" "रितं मडकं आहे." "माणसं किती?" "तिघं. चौघं होतो." "मग इथं का आलीस?" "आता खरं सांगायला तोंड उरलं नाही." "तोंड आहे तोवर वसा घे." "माझी लेक परत येईल?" "नाही." "मडकं भरेल?" "नाही." "मग फळ काय?" "आहे तेवढं वाटून खाशील. नाही तेवढं वाटून सोसशील. याहून जास्त मी कबूल करत नाही."

"वसा कसा करावा?" "चूल पेटवायच्या आधी मडकं सगळ्यांपुढं आणावं. घरातल्यांनी हात घालून पाहावं. विचारील त्याला आहे तेवढं सांगावं, कमी नाही, अधिक नाही. लाजशील, लपवशील, घेतला वसा टाकशील." "लाजणार नाही, लपवणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." म्हातारी दिसेनाशी झाली. ती तुम्हीच होतात, माई.

भिवरा घरी आली. मडकं मधोमध ठेवलं, सासूचा हात धरून आत घातला. सासूची नखं तळावर खरखरली. "कधीपासून गं?" "ज्येष्ठातच तळ लागला होता, आषाढात सरलं." सटव्यानं कपाळ बडवून घेतलं. "अगं, मी गेलो असतो! पेजेपुरतं तरी धाडलं असतं!"  

सटवा त्याच पावली कामाला गेला. भिवरा काशीच्या दारी गेली. "काशे, घरात काही नाही." काशी खाली बसली, रडायला लागली. "माझ्याकडंही पसाभरच आहे गं. मीसुद्धा भरलंय भरलंय म्हणून सांगत होते." मग दोघी तिसरीकडे गेल्या. तिथंही तेच. मग कोष्टीवाड्यानं एक चूल मांडली. होतं नव्हतं उघड्यावर मोजलं, आंबील केली, घोट घोट वाटली. तरी कार्तिकाच्या आत दोन म्हातारी माणसं गेली. त्यांतली एक भिवराची सासू. मग सटवा धान्य घेऊन आला. बाकीची जगली. कुणाची कणगी शिगेला गेली नाही. भिवराला पुन्हा मूल झालं नाही.

माई, भिवराला वसा उशिरा मिळाला. आम्हां ऐकणाऱ्यांना तो वेळेवर मिळो. घरात लेकरू असताना मिळो. साठां उत्तरांची कहाणी, होती तेवढी सांगितली, संपूर्ण झाली.