सेलवरचे आवरण

एकदा एक वृद्ध कारागीर एका बाजारपेठेच्या गावी राहत असे. जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, त्यांतले चांगले सेल निवडायचे आणि त्यांतून विजेऱ्या, फवारणीचे पंप, सायकलीचे दिवे पुन्हा चालते करायचे, हा त्याचा व्यवसाय. सारे त्याला वस्ताद म्हणत. शिकायला येणाऱ्याला तो कधीही नाही म्हणत नसे. मात्र शिकून झाले असे तो सहजासहजी म्हणत नसे. त्याचा एक रिवाज होता. खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, जो शिष्य तयार झाला असे त्याला वाटे, त्याच्या हातात तो पूजेतली पक्कड ठेवी. ती पक्कड मिळाली की शिष्याने आपले दुकान थाटावे. तिच्यावाचून कोणी थाटले नव्हते.

त्या वर्षी त्याच्याकडे एक विवाहित तरुणी शिकत होती. हात चपळ, नजर बारीक, आणि केलेले काम देखणे असावे अशी तिला ओढ. तिच्या सासूने गावाकडे रस्त्यालगतची खोली सारवून, रंगवून तयार ठेवली होती. दसऱ्याला सुनेने तिथे दुकान उघडायचे, असे घरात ठरले होते. उणीव फक्त पकडीची होती, आणि ती आज मिळणार असे शिष्येला मनोमन वाटत होते.

म्हणून ती सकाळी लवकर आली. कार्यशाळा झाडली, पाट मांडला, पक्कड, चिमटे आणि सोल्डरचा डाग देण्याची कांडी पुसून ठेवली. मग तिचे लक्ष पूजेत ठेवायच्या सेलांकडे गेले. बोटभर लांबीचे ते सेल वर्षानुवर्षे वापरलेले. त्यांच्यावरचे हिरवे, निळे प्लॅस्टिकचे आवरण मळलेले, कुठे खरचटलेले, कुठे फाटलेले. असे सेल पूजेत ठेवायचे तिच्या जिवावर आले. सणाच्या आधी तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या घरात ती वाढली होती. तिने पाते घेतले आणि एकेका सेलवरचे आवरण सोलून काढले. आतून रुपेरी अंग निघाले. तिने ते फडक्याने पुसले, पितळी ताम्हणात एकाच्या डोक्याला दुसऱ्याचे बूड लावून त्यांची गोल माळ मांडली, मधोमध झेंडूचे फूल ठेवले आणि शेजारी समई लावली. ताम्हण चांदीचे वाटू लागले.

इतक्यात पेठेतला एक कापडाचा व्यापारी आला. त्याच्या हातात धूर ओढायचे एक छोटे यंत्र होते. तरुण मंडळी त्याला व्हेप म्हणतात.

"वस्ताद कुठे आहेत?" त्याने विचारले.

"आंघोळीला गेलेत. काय काम होतं, शेठ?"

"ह्याचा सेल दम धरत नाही. भाच्यानं परदेशातून आणून दिलंय. बिडी सुटावी म्हणून घेतलं."

"सुटली का मग?"

"कसली सुटतेय? आता दोन्ही चालू आहेत." व्यापारी स्वतःवरच हसला. मग त्याची नजर ताम्हणावर गेली. "वा, हे तर नवेकोरे दिसतात. ह्यातलाच एक द्या की. घरी जाऊन मीच घालतो."

शिष्या सुखावली. तिचे काम पाहून कोणीतरी वा म्हटले होते. तिने माळेतला एक सेल उचलून त्याला दिला आणि उरलेले सरकवून माळ पुन्हा जुळवली. सेल उचलताना ताम्हण तिच्या बोटांना कोमट लागले. समई जवळ आहे, त्यामुळे असेल, असे तिने स्वतःला सांगितले. व्यापाऱ्याने सेल सदऱ्याच्या खिशात, दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यासोबत टाकला आणि आलोच आहोत तर प्रसाद घेऊन जाऊ म्हणून बाकावर बसला.

थोड्याच वेळात वस्ताद आले. धूतवस्त्र नेसलेले, कपाळी गंध. ते पाटासमोर वाकले. नमस्कारासाठी त्यांची बोटे ताम्हणाच्या काठाला लागली आणि तिथेच थबकली. शिष्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला शाबासकीची अपेक्षा होती. वस्तादांनी फुंकर घालून समई विझवली.

देवापुढचा दिवा फुंकरीने कोणी विझवत नाही.

"ह्यातला एखादा कोणाला दिलास?" वस्तादांनी विचारले.

"शेठना दिला. एकच."

वस्ताद तीन ढांगांत बाकापाशी पोचले आणि काही न विचारता त्यांनी व्यापाऱ्याच्या खिशात हात घातला.

"अहो वस्ताद, हे काय? सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाच्या खिशात हात?"

"शेठ, खिसा गरम लागत नव्हता?"

"लागत होता थोडा. मी म्हटलं, उन्हातून आलोय."

किल्ल्यांतून सुटा केलेला सेल वस्तादांनी अंगणातल्या कोरड्या वाळूच्या ढिगावर भिरकावला. मग जाड गोणपाट हाताभोवती गुंडाळून त्यांनी ताम्हण उचलले, बाहेर नेले आणि फुलासकट, हळदकुंकवासकट सगळी पूजा त्या वाळूत उपडी केली.

"वस्ताद," शिष्या म्हणाली, "आज खंडेनवमी आहे."

"ठाऊक आहे, मुली. मागे हो. शेठ, तुम्हीही. धूर नाकात जाऊ देऊ नका."

ती मागे सरली. डोळ्यांत पाणी आले होते. सकाळपासूनची मेहनत वाळूत पडली होती आणि तिच्याबरोबर गावाकडची ती रंगवलेली खोलीही. मग वाळूतून सापाच्या फूत्कारासारखा आवाज आला. एका सेलच्या डोक्यातून पांढुरका धूर उसळला आणि पाठोपाठ हातभर ज्वाळ निघाली. झेंडूचे फूल क्षणात काळे पडले. व्यापाऱ्याचा हात नकळत आपल्या खिशावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

सारे शांत झाल्यावरही बराच वेळ वस्तादांनी कोणाला जवळ जाऊ दिले नाही. मग ते उंबऱ्यावर बसले आणि शिष्येला त्यांनी समोर बसवले.

"सेलला दोन टोकं असतात असं आपण म्हणतो," ते संथपणे बोलू लागले. "पण तसं नाही. डोक्यावरचं बोंड हे एक टोक, आणि बाकीचं सगळं अंग हेच दुसरं टोक. ही दोन्ही थेट भेटली की आतली सगळी शक्ती एका दमात बाहेर धावते. तू माळ मांडलीस, तेव्हा एकाचं बोंड दुसऱ्याच्या अंगाला लागलं आणि पितळेनं सगळी अंगं जोडली. शेठच्या खिशात तेच काम किल्ल्यांनी केलं. ज्याला तू मळकट कपडा समजून उतरवलंस, ती त्याची मर्यादा होती, मुली. मर्यादा फाटली तर नवी चढवावी किंवा ते सामर्थ्य वापरातून काढावं. शोभेसाठी मर्यादा उतरवली की सामर्थ्य आपलं राहत नाही. आणि ताम्हण कोमट लागलं, तेव्हा ते तुझ्याशी बोलत होतं. तू त्याला समईचं नाव दिलंस."

शिष्येने मान खाली घातली. ताम्हण कोमट होते हे तिने कोणालाच सांगितले नव्हते.

व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "मग आता मी काय करायचं? हे यंत्र कसं वापरायचं?"

वस्तादांनी शिष्येकडे पाहिले.

ती सावकाश बोलू लागली. "शेठ, सुटा सेल खिशात ठेवायचा नाही. किल्ल्या, सुटे पैसे, काहीच सोबत नको. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा. वरची साल जराशी जरी फाटली असेल, तरी तो वापरायचा नाही. चार्जिंगला त्याचाच चार्जर, आणि लावून झोपायचं नाही. सेल फुगला, गरम लागला, वास आला, तर उन्हाला दोष द्यायचा नाही. लगेच बाजूला ठेवायचा आणि आमच्याकडे यायचं."

"आणि हे ओढायचं?"

"ते विकायला आपल्याकडे बंदी आहे, शेठ. त्यात मी सेल घालून देणार नाही. बिडी सोडायची तर सरकारी दवाखान्यात विचारा. तिथं वाट दाखवतात."

"म्हणजे एक सुटावी म्हणून हे घेतलं होतं, तुम्ही दोन्ही सोडायला लावता," व्यापारी पुटपुटला. पण जाताना ते यंत्र त्याने दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरले होते.

तो गेल्यावर वस्ताद उठले. पाटावर पक्कड तशीच होती. त्यांनी ती उचलली, उपरण्याने पुसली आणि शिष्येसमोर धरली.

शिष्येने पकडीला हात लावून तो कपाळाला लावला. मग दोन्ही हातांनी पक्कड हळूच त्यांच्याकडे परत सरकवली. वस्तादांनीही आग्रह केला नाही. त्यांनी पक्कड पाटावर ठेवली आणि समई पुन्हा लावली.

सायंकाळी तिने घरी फोन केला.

"आई, उद्या दुकान उघडायचं नाही. लोकांना सांगून ठेवा."

"का गं? वस्ताद नाही म्हणाले?" सासूने काळजीने विचारले.

"ते देत होते. मीच नाही म्हणाले."

"बरं," सासू म्हणाली, "खोली कुठे पळून जात नाही. तू जेवलीस का?"