नंदीच्या कानात सांगितलेले बारा शब्द

"...म्हणजे ते पैसे कुणालाच चोरता येत नाहीत?" माईंनी विचारलं.

"कुणालाच नाही," श्रीपाद म्हणाला. "चोराला नाही, बँकेला नाही, सरकारलासुद्धा नाही."

श्रावणी सोमवार होता. गोदाकाठच्या महादेवाच्या देवळात, जिथं लोक सल्ला विचारायला येत त्या गौतमीमाई परडी पुढ्यात घेऊन बेल निवडत बसल्या होत्या. श्रीपाद पुण्याला संगणकाच्या नोकरीत. आईनं, वासंतीताईंनी, त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. आपल्या पाटल्या मोडून आलेले पैसे त्यांनी लेकाच्या हाती दिले होते आणि लेकानं ते सगळेच्या सगळे क्रिप्टोत, त्या संगणकावरच्या चलनात, घातले होते. तेव्हापासून उपास सोडतानाही त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"कुलूप कसलं आहे त्याला?"

"कुलूप नाही माई, साखळी आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली. आणि ती साखळी हजारो संगणकांवर एकसारखी. एकानं खोटी कडी घुसवली की बाकीचे सगळे म्हणतात, आमच्याकडे असं काही नाही. संपलं!"

"छान आहे की. सगळे एकमेकांचे साक्षीदार."

"तेच तर! माणसावर विश्वास ठेवायची गरजच नाही."

माईंनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

"आणि किल्ली?"

"बारा शब्द. साधे इंग्रजी शब्द. ते ज्याला ठाऊक, त्याचे पैसे. मी कुठं लिहिलेसुद्धा नाहीत. इथं आहेत." त्यानं कपाळावर बोट टेकवलं.

"तुम्हीच काहीतरी सांगा हो याला," वासंतीताई म्हणाल्या. "माझ्या पाटल्या कुठं हवेत लटकल्यात, कोण जाणे."

"आई, हवेत नाहीत गं. किती वेळा सांगू?"

"जा," माई त्याला म्हणाल्या. "जी काळजी असेल ती नंदीच्या कानात सांगून ये."

"मला काळजीच नाही."

"मग जे असेल ते सांग."

श्रीपाद हसला. उठला. सगळे करतात तसा त्यानं नंदीचा एक कान तळव्यानं झाकला, दुसऱ्या कानाला तोंड लावलं आणि सावकाश काहीतरी पुटपुटला. वासंतीताई अगदी लागून उभ्या होत्या.

तो परत आला तो हसतच.

"सांगितलं. किल्लीच सांगून टाकली त्याला. बाराच्या बारा शब्द! यापेक्षा जास्त काय सांगू?"

"दुसरा कान झाकला होतास?"

"झाकला होता ना. बाहेर जायला नको."

माईंनी पुढचं पान उचललं.

वासंतीताईंनी पदरानं डोळे टिपले. "माई, दहावीनंतर आज पहिल्यांदा देवापुढं वाकला हो हा. मी शूटिंगच घेतलं. हे बघा, किती गोड आलंय."

त्यांनी फोन पुढं केला.

आधी घंटेचा आवाज आला. मग कबुतरांची फडफड. आणि मग, दगडी मंडपात घुमून आणखीच स्वच्छ झालेली कुजबुज...

"लेमन... टायगर... विंडो..."

श्रीपादचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई... हे तू कुणाला पाठवलं नाहीस ना?"

"कुणाला म्हणजे? आपल्याच ग्रुपवर. घरच्यांना."

"कधी?"

"आत्ता, तू परत आलास तेव्हा. बघ, नागपूरच्या काकांनी हातसुद्धा जोडलेत. आणि सुमनवन्संनी तर व्हिडिओ त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलाय. लिहिलंय, मुलगा असावा तर असा!"

"अरे, असा काय बघतोस? माझं काय चुकलं?"

श्रीपादनं आईचा फोन कानाशी धरला; बाराच्या बारा शब्द स्वच्छ ऐकू येत होते. माईंचा हातही परडीवर तसाच थांबला होता.

"तुझ्या त्या हजारो साक्षीदारांना हाक मार," माई म्हणाल्या.

"काही उपयोग नाही, माई. ज्याच्याकडे शब्द, तोच मालक. ते त्याचंच खरं धरतील. एकदा कुणी पैसे काढून घेतले, की परत कुणाकडे मागायचे? ठोठवायला दारच नाही..."

"कुणी काढून घेतलेत?"

"अजून... माहीत नाही."

"मग इथं उभा का आहेस?"

तो दचकला. आईच्या फोनला होती, पण त्याच्या फोनला इथं रेंज नव्हती. तो अनवाणीच घाटाच्या पायऱ्यांकडे पळाला.

वासंतीताई खांबाला टेकून खाली बसल्या. मोकळी मनगटं एकमेकींत धरून त्या जप करायला लागल्या, पण नाम मध्येच तुटत होतं. माई त्यांच्याजवळ सरकून बसल्या. पाठीवर हात ठेवला.

श्रीपाद परत आला तेव्हा घामानं निथळत होता.

"गेले?" वासंतीताईंना एवढंच विचारता आलं.

"नाही गं. आहेत. नवी किल्ली केली. सगळे पैसे तिकडं हलवले. आता त्या जुन्या शब्दांनी कुणी उघडलं तरी आत काही नाही."

वासंतीताईंना हुंदका आवरेना. "आपल्याच माणसांना पाठवला रे मी... कौतुकानं पाठवला..."

"तुझं काही चुकलं नाही, आई. तोंड माझं होतं."

माईंनी परडी पुन्हा जवळ ओढली.

"साखळी कुठं तुटली होती?" माईंनी विचारलं.

"कुठंच नाही, माई. एक कडीसुद्धा हलली नव्हती."

"आणि चोर?"

"चोर... कुणी नव्हताच."

तो सावकाश खाली बसला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आत्ता ऐकू आल्यासारखं झालं. मग त्यानं माईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"शपथ घेतो, माई. हे नवे शब्द आता कुणालाच सांगणार नाही. देवाला नाही. तुम्हाला नाही. आईलासुद्धा नाही."

माईंनी वासंतीताईंचा हात उचलून त्यावर बेलाचं एक पान ठेवलं. तो हात तसाच धरून त्या श्रीपादकडे बघत राहिल्या.

"आणि उद्या तू नसलास तर... हिला कोण सांगेल?"